व्यवसाय कराबद्दलही बोला

आमच्या आमदारांनी नव्या उद्योगांविषयी आणि प्रलंबित विधेयकांविषयी परवा सविस्तर मत मांडले. ऐकून बरे वाटले. पण आहे त्या नोकरीतल्या माणसाचे काय? कुपवाड एमआयडीसीत महिना बारा-चौदा हजारांवर राबणाऱ्या हेल्परच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. वर्षाला २,५०० रुपये, म्हणजे पोराची वह्या-पुस्तके आणि गणवेश! महिलांना २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर या करातून सूट मिळाली, ती योग्यच. पुरुषांची सूट-मर्यादा मात्र महिना ७,५०० रुपयांवरच अडकली आहे. जीएसटीसारखा हा विषय केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत जात नाही, तो राज्याच्याच हातात आहे. आमदारसाहेबांनी येत्या अधिवेशनात ही मर्यादा वाढवण्याची मागणी लावून धरावी.

– एक कामगार, कुपवाड (जि. सांगली)