भिजलेले कीबोर्ड पोत्यात भरण्यापूर्वी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत सीना नदीचे पाणी परंडा तालुक्यातील गावांत शिरले. खरडून गेलेली जमीन, वाहून गेलेली जनावरे आणि पडलेली घरे यांच्यापुढे कीबोर्डसारख्या वस्तूची काय कथा, असे कोणालाही वाटेल, आणि ते चूक नाही. तरीही गेली अनेक वर्षे डीटीपीचे काम करत असताना मेकॅनिकल कीबोर्ड उघडून दुरुस्त करण्याचा छंद मी जोपासला आहे. त्या छंदामुळे पुरानंतर जे पाहिले, ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या एका स्नेह्यांची टंकलेखन शिकवण्याची संस्था आहे. मिनिटाला मराठी 30 शब्दांची परीक्षा देऊन लिपिकाची जागा मिळवू पाहणारी मुले तिथे येतात. पाणी ओसरल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा चिखलाने माखलेले अकरा कीबोर्ड पोत्यात भरून भंगारवाल्याकडे निघाले होते. त्यांतील बहुतेक टीव्हीएस गोल्ड होते, म्हणजे आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी आणि कार्यालयांनी वर्षानुवर्षे वापरलेला, खटखट आवाजाचा दणकट कीबोर्ड. मी ते पोते मागून घेतले.

साध्या कीबोर्डमध्ये रबराच्या घुमट्यांखाली प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात आणि त्यांवर वाहक शाईने रेघा छापलेल्या असतात. पापुद्र्यांमध्ये गढूळ पाणी शिरून त्या रेघा खराब झाल्या की दुरुस्ती फारशी शक्य नसते. मेकॅनिकल कीबोर्डचे तसे नाही. त्यात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो, तो धुता येतो, बहुतेक वेळा उघडताही येतो, आणि अगदीच गेला तर तेवढाच काढून दुसरा बसवता येतो. दोन्हींना एकाच तराजूत घालून भंगाराचा भाव लावणे मला म्हणूनच पटत नाही.

खरे नुकसान नुसत्या पाण्याने क्वचितच होते. ओल्या सर्किटमधून वीज वाहिली की तांब्याच्या रेघा झपाट्याने गंजतात. त्यामुळे कीबोर्डवर चहा सांडो की पूर येवो, आधी वायर काढावी आणि "चालतो का बघू" म्हणून ओला कीबोर्ड संगणकाला कदापि जोडू नये. या एका उतावळेपणाने जितके कीबोर्ड गेलेले मी पाहिले आहेत, तितके चिखलाने गेलेले पाहिलेले नाहीत.

आपल्या भागात दोन अडचणी आणखी आहेत. काळ्या मातीचा गाळ एकदा वाळला की ढेकळासारखा घट्ट बसतो, म्हणून तो ओला असतानाच साध्या पाण्याने धुऊन काढावा. मात्र आपले बोअरचे पाणी जड असल्याने ते तसेच वाळू दिले, तर क्षारांचा पांढरा थर मागे राहतो. यासाठी शेवटची धुणी डिस्टिल्ड वॉटरने करावी, जे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते. त्यानंतर मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला नुसते आयपीए म्हणतात, ते आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने सर्किटवर फिरवावे. ते पेट घेते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवून आणि विस्तवापासून दूर हे काम करावे. वाळवायचे ते सावलीत, पंख्याखाली, दोन-तीन दिवस. उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्रासमोर धरले, तर कळांच्या टोप्या वाकू शकतात. तांदळात पुरून ठेवण्याने काही साधत नाही, उलट कणी आणि पीठ आत शिरते.

आता या कामातील आनंदाविषयी. या कीबोर्डांतल्या निळ्या दांडीच्या स्विचचे वरचे झाकण चार बारीक अडकणींवर बसलेले असते. ते अलगद उचकटले की आत केसाएवढ्या तारेची स्प्रिंग, निळी दांडी, तिच्यावर सैल बसलेला पांढरा तुकडा आणि सोनेरी टोकांच्या दोन पात्या दिसतात. आपण ज्याला कीबोर्डचा आवाज म्हणतो, तो त्या पांढऱ्या तुकड्याच्या झटक्याचा आवाज असतो. कळ चार मिलिमीटर खाली जाते आणि साधारण अर्ध्या वाटेवर पात्या एकमेकींना टेकून अक्षर उमटते. ही रचना 5 कोटी वेळा दाबण्यासाठी केलेली असते, आणि तिला अडवून बसलेला असतो मोहरीएवढा मातीचा खडा! तो काढून झाकण बसवावे, अंगठ्याने कळ दाबावी आणि ती खणखणीत वाजावी, यासारखे समाधान मला दुसऱ्या कोणत्या कामात मिळालेले नाही.

एका कीबोर्डवर सात कळा एकदम मुक्या होत्या. स्नेह्यांना वाटले, सातही स्विच गेले. परंतु कळा आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीवर जोडलेल्या असतात, त्यामुळे एक रेघ तुटली की तिच्यावरच्या, तुटलेल्या जागेपुढच्या सगळ्या कळा बंद पडतात. रेघ सलग असेल तर बीप वाजवणाऱ्या मल्टीमीटरची एक पिन रेघेच्या टोकाला टेकवून दुसरी पुढे पुढे सरकवत गेलो. एका हिरवट ठिपक्यापाशी बीप थांबली. तिथला गंज खरवडून वायरमधली तांब्याची एक बट सोल्डर केली आणि सातही कळा बोलू लागल्या. अकरांपैकी आठ कीबोर्ड असे उभे राहिले. उरलेल्या तिघांचे स्विच आणि स्प्रिंगा या आठांच्या कामी आल्या.

शाळा, ग्रामपंचायती आणि कार्यालये यांना माझी विनंती आहे की पुरानंतर संगणक साहित्याचे निर्लेखन करताना, म्हणजे ते निकामी ठरवून नोंदीतून काढताना, मेकॅनिकल कीबोर्ड वेगळे काढावेत आणि जवळच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम असेल, तर आधी तिथल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत. मुलांना सोल्डरिंगचा आणि दोष शोधण्याचा खरा सराव मिळेल. जे त्यांच्याकडूनही सुधारणार नाहीत, ते फुटकळ भंगारवाल्याला न देता 2022 च्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जावेत.

एक मागणे वाचकांकडेही आहे. दुरुस्त झालेल्या आठ कीबोर्डांपैकी दोहोंवर देवनागरी अक्षरांच्या काही टोप्या नाहीत. इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी अक्षरांची कीबोर्डवरील प्रमाणित मांडणी, शिकणाऱ्या मुलांना 'ल' आणि 'ळ' जिथे असतात, तिथे सध्या कोरी टोपी बसवली आहे. सुट्या टोप्या बाजारात शोधूनही मिळाल्या नाहीत. कोणाच्या माळ्यावर देवनागरी अक्षरांचा बंद पडलेला कीबोर्ड असेल, तर तो रद्दीत न घालता गावातल्या टंकलेखन संस्थेत नेऊन द्यावा.

आपला नम्र,
एक वाचक, परंडा, जि. धाराशिव