बेलाच्या सरबताविषयी मित्रास पत्र

॥ श्री ॥

आर्वी तालुका, जि. वर्धा
वैशाख वद्य पंचमी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र परवाच मिळाले. पुण्याच्या मंडईतून तू हौसेने बेलफळे आणलीस, फोडून त्यांतला गर बियांसकट मिक्सरमध्ये फिरवलास, वर साखर आणि बर्फ घातलास, आणि मुलांनी एक घोट घेऊन पेले तसेच खाली ठेवले, हे वाचून मला आधी हसू आले आणि मग त्या फळांची कीव आली. कडू, बुळबुळीत आणि घशाला खवखवणारे, असे जे तू त्या सरबताचे वर्णन केले आहेस ते अगदी बरोबर आहे, कारण मिक्सर लावला की बेलाचे सरबत असेच होते. कृती चार ओळींत कळव असे तू लिहितोस, पण ती चार ओळींत मावणारी नाही, म्हणून आज दुपारी उन्हाने घराबाहेर पडणे अशक्य झाले तेव्हा निवांत लिहायला बसलो.

आधी फळ आतून कसे असते ते नीट पाहा. बेल आडवा फोडलास तर मध्यभागी गोलाकार मांडलेले कप्पे दिसतील. प्रत्येक कप्प्यात केसाळ, चपट्या बिया असतात आणि त्यांच्याभोवती पारदर्शक, तार सुटणारा डिंक भरलेला असतो. लहानपणी पतंग चिकटवायला आपण हाच डिंक काढत असू, आणि एकदा चिकटलेला कागद फाटला तरी सुटत नसे, हे तुला आठवत असेल. या कप्प्यांच्या बाहेर, कवटीपर्यंत, जो केशरी-पिवळा, मऊ आणि रेशाळ गर असतो तोच सरबताचा. बी भरडली की कडवटपणा उतरतो, डिंक घुसळला की बुळबुळ वाढते, आणि कवटीला लागून असलेला थर खरवडून घेतला की तुरटपणा येतो. मिक्सरचे पाते या तिघांत काही भेद करत नाही. म्हणून बेलाचे सरबत हातानेच करावे लागते, आणि या बाबतीत मी कोणाचे ऐकत नाही. आमच्या सूनबाईंनीही दोन-चारदा वाद घालून शेवटी मिक्सर बाजूला ठेवला.

फळाची निवड हा अर्धा विषय आहे. आमच्याकडे वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आणि महादेवाच्या देवळामागे बेलाची झाडे आहेत, पण गावाचा सारा जीव पानांवर. श्रावणात एकेका त्रिदळासाठी फांद्या ओरबाडल्या जातात, आणि उन्हाळ्यात पिकलेले फळ खाली पडून धुळीत लोळते तेव्हा त्याकडे गुराखी पोरांशिवाय कोणी ढुंकून पाहत नाही. फूल आल्यापासून फळ पिकायला दहा-अकरा महिने लागतात. मे-जूनमध्ये धरलेले फळ पुढल्या उन्हाळ्यात हाती येते. इतका काळ झाडाने सांभाळलेले फळ शेवटच्या आठवड्यात आपल्या हलगर्जीपणाने वाया जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

फळ झाडावरून पडू देऊ नये. हिरवा रंग जाऊन त्यात पिवळसर झाक आली की थोडा देठ ठेवून एकेक फळ हाताने उतरवावे. झाड हलवून किंवा काठीने झोडपून पाडलेल्या फळाच्या कवटीला बारीक भेग जाते, ती वरून दिसत नाही, पण त्या भेगेतून बुरशी शिरते आणि आतला गर काळपट पडून आंबूस होतो. उतरवलेली फळे घरात सावलीला पसरून ठेवावीत. आठेक दिवसांत हिरवा रंग पुरता जातो, आणि देठ नुसता बोटाने ढकलला तरी गळून पडतो. हीच पिकल्याची खूण. देठ गळाला की त्या खळगीशी नाक नेऊन वास घे. पिकलेल्या बेलाला गोड वासाबरोबर राळेचा एक हलका दर्प असतो. नुसता राळेचा वास आला तर फळ अजून दोन दिवस थांबू दे, आणि आंबूस आला तर ते फोडण्याची तसदी घेऊ नकोस. तू मंडईतून आणताना देठाची जागा पाहत जा आणि फळ कानाशी धरून हलव. आत गर सुटून खळखळत असेल तर ते जुने झालेले आहे असे समज.

आता कृती. अर्धा किलोच्या आसपास वजनाचे एक फळ घे. ते पाट्यावर किंवा ओट्याच्या कडेवर मधोमध एकदाच नेमके आपट. कोयत्याने घाव घातलास तर कवटीच्या कपच्या गरात शिरतात आणि त्या शोधत बसावे लागते. दोन वाट्या झाल्या की चमच्याच्या टोकाने मधले बियांचे कप्पे आधी उचलून वेगळ्या भांड्यात काढ. सगळे निघणार नाहीत, चार-सहा बिया गरात राहतील, त्याची काळजी नको. मग उरलेला गर काढ, पण चमचा कवटीला घासू देऊ नकोस; आतून पातळ थर राहिला तरी चालेल. फळ चांगले असेल तर पाव किलोच्या आतबाहेर गर मिळतो.

हा गर स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, घालून त्यावर अर्धा लिटर माठातले पाणी ओत, झाकण ठेव आणि तासभर विसरून जा. घाई इथेच होते आणि सरबत इथेच बिघडते. भिजल्यावर गर आपसूक सैल होतो, रेषा सुट्या होतात आणि कुस्करायला जोर लागत नाही. जोर लावला नाही की बीही दाबली जात नाही. तासाभराने हात स्वच्छ धुऊन बोटांनी गर हलकेच मोकळा कर. मूठ आवळून पिळायचे नाही. मग मोठ्या भोकांच्या चाळणीवर ओतून तळहाताने गोल गोल फिरव. पुरणाची चाळणी उत्तम. चहाच्या गाळणीतून तो उतरणार नाही आणि कपड्यातून गाळलास तर नुसते पिवळे पाणी हाती येईल. चाळणीत रेषा आणि बिया राहतील, त्यांवर आणखी अर्धा लिटर पाणी हळूहळू ओतून एकदा फिरव आणि तो चोथा टाकून दे. दुसऱ्यांदा धुतलेले पाणी चालते. तिसऱ्यांदा धुण्याचा मोह काही बायांना होतो, पण त्यात तुरटपणाशिवाय काही येत नाही.

मूळ फळ गोडच असते, त्यामुळे गोडाचा हात आखडता ठेव. एवढ्या सरबताला पन्नास ग्रॅम गूळ पुष्कळ होतो, आणि तो आधी थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून घालावा, कारण गुळात बारीक कचरा असतोच. साखर घातली तर रंग जास्त खुलतो, हे मान्य. पण गुळाने बेलाचा राळेचा दर्प मागे जातो आणि चव गोल होते, म्हणून माझे मत गुळाच्या बाजूने. चिमूटभर काळे मीठ, भाजून कुटलेले अर्धा चमचा जिरे आणि दोन वेलदोड्यांची पूड, एवढेच मसाले. लिंबू अर्धे पिळावे, कारण बेलात स्वतःचा आंबटपणा फारच थोडा असतो आणि नुसता गोडवा दोन घोटांनंतर जड वाटू लागतो. गंमत म्हणजे लिंबू, संत्रे, कवठ आणि बेल ही चारही एकाच कुळातली झाडे आहेत, तेव्हा आपण घरच्याच माणसाची मदत घेतो म्हणायला हरकत नाही. यातून पाच-सहा पेले होतात. सरबत ताकापेक्षा किंचित दाट असावे. पाण्यासारखे पातळ केलेस तर त्याला बेलाचे म्हणण्यात अर्थ नाही.

बर्फ घालू नकोस. अति गार झाले की जिभेला वास कळत नाही आणि या फळाची सारी मजा वासात आहे. वाळ्याची जुडी टाकलेल्या माठातले पाणी पुरेसे गार असते. दूध घालून त्याचा शेक करतात तोही मी चाखला आहे आणि मला तो पसंत नाही. मात्र ओडिशात एप्रिलच्या मध्यावर, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या पणा संक्रांतीला, बेलाचा पणा करतात, त्यात छेना (फाडलेल्या दुधाचा चोथा), खोबरे आणि मिरपूड घालतात. तो प्रकार निराळा, तिथल्या हवेत आणि तिथल्या रीतीत शोभणारा, त्याला मी नावे ठेवणार नाही.

तू विचारले आहेस की संत्र्याच्या मुलखात राहून आम्ही बेलाच्या मागे का लागतो. अरे, ऐन वैशाखात इथे संत्रे असते कुठे? संत्र्याचे बहार, म्हणजे फुलोरे, दोन. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चकडे. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण मानांकनाने बहार काही उन्हाळ्यात सरकत नाही. बाजारात मे महिन्यात जे संत्रे दिसते ते शीतगृहातले असते किंवा लांबून आलेले. आणि ऊन म्हणशील तर २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. यंदा तितके नसले तरी रोहिणी नक्षत्र लागून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू व्हायचा अजून बाकीच आहे. वखरणीला गेलेली माणसे अकराच्या आत वावरातून परततात, डोक्याचा दुपट्टा सोडतात आणि आधी माठाकडे वळतात. त्या वेळी हा गंज तयार असला पाहिजे, म्हणून आमच्या घरी गर सकाळी नऊलाच भिजत पडतो.

कैरीचे पन्हे आणि चिंचवणी आमच्याकडे अक्षय तृतीयेपासून सुरू होते, आणि पितरांच्या नैवेद्याला ते लागतेच, पण त्यांची कृती तुला तुझ्या आईकडून मिळालेली आहे, ती मी पुन्हा लिहीत नाही.

दोन सूचना मात्र नीट लक्षात ठेव. हे सरबत करून ठेवायचे नाही. आंबटपणा कमी आणि गोडवा भरपूर, त्यामुळे या उन्हात ते दुपारपर्यंत फसफसू लागते. सकाळी केलेले दुपारच्या जेवणाआधी संपवावे. फळे एकदम पिकली असतील तर बिया काढलेला, चाळलेला, पाणी न घातलेला गर लहान डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेव आणि एका वेळी एकच डबा बाहेर काढ. वितळलेला गर पुन्हा गोठवू नकोस.

दुसरी सूचना औषधी गुणांविषयी. बेलाचे मूळ दशमुळांत, म्हणजे आयुर्वेदातल्या दहा औषधी मुळांत, येते, कच्च्या बेलाच्या वाळवलेल्या काचऱ्या जुनी माणसे हगवणीवर देत असत, आणि पिकलेले फळ त्याच्या उलट पोट साफ करणारे आहे, म्हणून दोन पेल्यांच्या वर आग्रह करू नये. तुझ्या वडिलांना मधुमेह आहे. गूळ न घालताही फळात साखर असते, तेव्हा त्यांना त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच दे. आणि बेलाचे सरबत प्याले की ऊन लागत नाही, असे कोणी सांगितले तर मान डोलावून सोडून दे. जुलाब-उलटीने पाणी गेले असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हेच घरातले खरे पेय. आणि एखाद्याचे अंग तापून निघाले असेल, तो बरळू लागला असेल, तर त्याच्या तोंडाशी पेला धरत बसू नये. सावलीत घेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि थेट दवाखाना गाठावा. गेल्या काही उन्हाळ्यांत आमच्या भागात पेला धरत बसण्यात वेळ गेल्याचे मी पाहिले आहे, म्हणून इतके स्पष्ट लिहितो.

तुझ्या बंगल्यामागे जागा आहे असे तू मागे म्हणाला होतास. तिथे बेल लावणार असशील तर बी टोचू नकोस, कारण बियाण्याच्या झाडाचे फळ कसे निघेल याचा भरवसा नसतो आणि वाट पाहण्यात वर्षे जातात. कलम घे. गुजरातेत गोध्र्याजवळच्या फळबाग प्रयोग केंद्राची ‘गोमा यशी’ ही जात आहे, तिची कवटी पातळ असते. उत्तर प्रदेशातल्या ‘नरेंद्र बेल’ मालिकेतल्याही काही जाती आहेत. चांगल्या रोपवाटिकेत विचारून पाहा. पावसाळ्याच्या सुरुवातीला लाव, पाणी साचणार नाही अशी जागा निवड, आणि काट्यांपासून मुलांना सांभाळ.

येत्या आठवड्यात आर्वीहून एक ओळखीचे गृहस्थ पुण्याला निघणार आहेत, त्यांच्याबरोबर सहा बेलफळे पोत्यात गवत घालून पाठवतो. चार पिकलेली असतील, दोनांचा देठ अजून घट्ट असेल. ती दोन मागे ठेव. सरबत कसे झाले ते मुलांना विचारून कळव, तुझ्यावर माझा विश्वास नाही, तू गूळ जास्त घालणार.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांस आशीर्वाद. तीर्थरूपांना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
बालमित्र