हक्कभंग फक्त आमदाराचाच काहून?

प्रिय गड्या,

परवा फोनवर मी म्हणत होतो का अधिकाऱ्यानं लोकांचा मूलभूत हक्क मोडला तर त्याला जाब विचारायचं बंधन विधानसभेवर, आमदारांवर पाहिजे, तर तू म्हणालास, अधिकाऱ्यानं घटना मोडली तर कोर्ट आहे ना, त्यात आमदाराला कशाला ओढतो. तेवढ्यात रेंज गेली आणि बोलणं तुटलं. पण ते डोक्यातून जाऊनच नाही राह्यलं, म्हणून सगळं लिहून पाठवतो, लांब झालं तरी पूर्ण वाच.

आपल्या वरच्या पुऱ्यातला तो पोरगा आठवते ना, बैलबाजारात दलाली करायचा तो. त्याच्यावर तडीपारीची ऑर्डर निघाली होती, दोन वर्षं जिल्ह्याबाहेर. कारण काय तर दोन जुन्या मारामारीच्या केसेस, त्यातल्या एकीत तर तो सुटलेला, आणि वरून नाव नसलेल्या साक्षीदारांचे इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड घेतलेले जबाब. पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं त्याच्या मायनं एकटीनं ओढलं. अपिलात काही झालं नाही, नागपूर खंडपीठानं ऑर्डर रद्द केली तोवर हंगाम गेला होता. देशात कुठंही फिरायचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात लिहिलेला आहे, तो त्याच्याकडून काढून घेतला आणि चुकीचा काढून घेतला हे हायकोर्टानं सांगितलं. मग पुढं काय? काहीच नाही बे. ऑर्डर काढणारे साहेब तोवर बदलून गेले होते, त्यांना कोणी एक शब्द विचारला नाही. आपल्या आमदारांना त्या निकालाची खबरसुद्धा नव्हती, मी स्वतः जाऊन सांगितलं तर म्हणाले चांगलं झालं सुटला.

कोर्टाचं काम इथंच संपते ना. ते ऑर्डर रद्द करते, फार तर भरपाई देते. बिहारचा रुदुल शाह १९६८ मध्ये निर्दोष सुटला होता तरी १९८२ पर्यंत जेलात सडला, १४ वर्षं, आणि १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला सगळे मिळून ३५ हजार रुपये द्यायला लावले. ते दिले कोणी? सरकारनं, म्हणजे तू न मी भरतो त्या पैशातून. २०२४ च्या नोव्हेंबरात बुलडोझरनं घरं पाडण्याच्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं का आमचे निर्देश मोडून घर पाडलं तर अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल करा, ते मला फार आवडलं, पण ते घर पाडण्यापुरतं आहे.

आता आमदारांचं बघ. कानपूरला २००४ मध्ये पोलिसांनी एका आमदाराला मारलं होतं. त्यावर यूपीच्या विधानसभेनं मार्च २०२३ मध्ये स्वतःच कोर्ट भरवलं, सहा पोलिसांना सभागृहात उभं केलं आणि रात्री बारापर्यंत कैदेची शिक्षा दिली. १९ वर्षांनी! मी म्हणतो बरोबर केलं, आमदारालाही मारायचा अधिकार पोलिसाला नाही. पण म्हणजे सभागृहाला हे करता येते ना? हक्कभंगाची, म्हणजे आमदाराचा विशेष हक्क मोडला म्हणून नोटीस, समिती, अधिकाऱ्याला समोर बोलावणं, सगळं तयार आहे. फक्त हक्क आमदाराचा असावा लागते. मतदाराचा मूलभूत हक्क मोडला तर यातलं काहीच हलत नाही, कोण्या आमदाराला वाटलं तर लक्षवेधी टाकते, म्हणजे सभागृहात मंत्र्याचं लक्ष वेधते, मंत्री म्हणते चौकशी करू, झालं. आणि आमदाराचं अधिकाऱ्यापुढं चालत नाही असं मला सांगू नको, बदली करायची असली का एका फोनवर होते, हे तालुक्यातलं शेंबडं पोरगं सांगन.

म्हणून माझं म्हणणं आहे का हे मर्जीवर ठेवू नका, कायद्यानं बांधून टाका. सरकारचे हिशेब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल कसा १५१ व्या कलमानं सभागृहात ठेवावाच लागते, सरकारला आवडो न आवडो, आणि पुढं आमदारांची लोकलेखा समिती खात्याच्या सचिवांना बसवून विचारते. तसंच करायचं. हायकोर्टानं एखाद्या निकालात म्हटलं का अमुक अधिकाऱ्यानं मूलभूत हक्क मोडला, तर तो निकाल पुढच्या अधिवेशनात सभागृहापुढं, पटलावर आलाच पाहिजे, समितीनं त्या अधिकाऱ्याला ऐकलंच पाहिजे, खात्यानं काय कारवाई केली ते मुदतीत सांगितलंच पाहिजे, आणि कारवाई करायची नाही असं ठरलं तर कोणत्या आमदारानं कसं मत दिलं ते नावानिशी छापलं पाहिजे. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते, कारण त्याशिवाय समिती म्हणजे चहा-नाश्ता.

तू म्हणशील आमदार याचाच दांडा करून चांगल्या अधिकाऱ्यांना छळतील. ही भीती खरी आहे, मी पण यावर लय विचार केला. म्हणून तर सुरुवात आमदाराच्या तक्रारीवरून नाही, कोर्टाच्या निकालावरून ठेवायची. निकाल नाही तर समिती नाही. आणि वरून तोंडी हुकूम होता असं अधिकाऱ्यानं सांगितलं तर मंत्र्यालाही त्याच टेबलावर बसवायचं. १६४ व्या कलमात मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार आहे असं लिहिलेलंच आहे, नवीन काही मागून नाही राह्यलो मी.

घटनेत ६१ वं कलम वाच एकदा. राष्ट्रपतीनं घटनेचा भंग केला तर महाभियोग, नोटीस कशी द्यायची, किती मतं लागतात, सगळं लिहिलेलं. एवढ्या मोठ्या माणसासाठी रस्ता आहे, आणि ज्या अधिकाऱ्याची सही आपल्या दारात येऊन पडते त्याच्यासाठी कोण्या सभागृहावर बंधन नाही. आपल्या यवतमाळच्या जिल्हा परिषदेचंच घे, पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे असं २४३-ई कलम सांगते, आणि मार्च २०२२ पासून प्रशासक बसले. ओबीसी आरक्षणाचा खटला होता, मान्य, पण २०२५ च्या मे मध्ये सुप्रीम कोर्टानं दट्ट्या दिला तेव्हा हललं. एवढी वर्षं गावचा रस्ता, शाळेचं छप्पर कोणाला विचारायचं हेच लोकांना कळत नव्हतं, आणि घटनेची शपथ घेतलेल्या एकाही आमदाराला यासाठी उत्तर द्यावं लागलं नाही.

तू वकिलांमध्ये बसतोस म्हणून एक काम सांगतो. अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारनं न आणलेलं, मंत्री नसलेला कोणताही आमदार मांडू शकतो, पास होणार नाही हे मलाही माहीत आहे, पण मांडलं तर छापल्या जाईल, बोलावं लागन. मी मराठीत कच्चा मसुदा लिहिला आहे, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, कलमांची भाषा तेवढी नीट करून दे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या आधी आपल्या आमदारांकडं जायचं आहे, त्या पोराची माय पण येतो म्हणाली आहे, निकालाची कॉपी घेऊन.

वहिनींना नमस्कार सांग, आणि मसुद्यावर जे चुकीचं वाटन ते तोंडावर सांग.

तुझाच,
गावचा दोस्त