वरलं गेलं, आतलं समदं हाय

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : फाटलेल्या गोष्टीच्या पुस्तकांबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत मी पहिली-दुसरी शिकवते. तिसरी-चौथी सरांकडे आहे. विषय वाचून हसू आलं असेल. पण हाच अर्ज योग्य त्या मार्गाने वर पाठवला असता तर तो कोणत्या टेबलापर्यंत पोचला असता ते मला माहीत आहे, म्हणून उघडच लिहिते.

माझ्या वर्गातलं सगळ्यात लाडकं साधन तुराट्यांचं आहे. तूर झोडपून झाली की तुराट्या बांधावर पडून असतात. त्यांचे बोटभर तुकडे करायचे, टोकं दगडावर घासायची, दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या. 'दशक' म्हटलं की पहिलीचं लेकरू अडखळतं, 'पेंढी' म्हटलं की नाही. कडब्याची पेंढी ते चालायला लागल्यापासून बघत आलेलं असतं. तीन पेंढ्या आणि दोन सुट्या, बत्तीस. आता यातून पाच काढ म्हटलं की ते दोन सुट्या उचलतं, थांबतं, माझ्या तोंडाकडे बघतं. मी गप्प. मग मागून कुणीतरी ओरडतं, "सोड की पेंढी!" रबर निघतं, दहा काड्या सतरंजीवर पसरतात. हातच्याची वजाबाकी झालेली असते, आणि 'हातचा' हा शब्द मी अजून काढलेलाही नसतो. २०१९ साली दुसरीच्या गणितात 'बत्तीस'च्या जोडीला 'तीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला तेव्हाही त्यात वावगं दिसलं नाही. आमची पोरं तेच तर मोजतात.

वरून आलेली गणित पेटीही आहे, आणि चांगली आहे. पण तिच्यातला एक ठोकळा हरवला की सर आणि मी टेबलाखाली वाकून शोधत बसतो. तुराटी हरवली तर कुणी शोधत नाही. दोन्हीतलं लेकरांच्या हातात जास्त काय पडत असेल, हे आपल्याला सांगायला नको.

काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्वट्यूब एवढ्यावर चौकोन-त्रिकोण करायला मी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या खेळण्यांवरून शिकले. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. दाराला आडवी-तिरपी पट्टी का मारतात, हे दुसरीतल्या एकाने त्यावरून मला सांगितलं.

पावसाळ्यात पाण्याची बाटली. वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा, बुडाच्या वाकड्या भागापर्यंत आधीच पाणी भरून तिथे शून्य मांडायचा, बाहेरून पट्टी चिकटवायची. परिपाठ झाला की एक जण मिलिमीटर वाचून फळ्यावर लिहितो. दिवसाला ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी, हा आकडा आमच्याकडे शेतकऱ्याला तोंडपाठ असतो, त्यामुळे फळा बघायला पालकही डोकावतात. २०२५ च्या सप्टेंबरात मात्र बाटलीच वाहून गेली आणि पाणी वर्गात आलं.

त्या पाण्यात कपाटाच्या खालच्या खणातली पुस्तकं भिजली. पंचनामा झाला, साठा नोंदवहीतून ती रीतसर कमी झाली. त्यातली कितीतरी कुणी एकदाही उघडलेली नव्हती. आता दुसरी गोष्ट. याआधीच्या शाळेतून बदली झाली तेव्हा पदभार देताना अकरा पुस्तकं कमी भरली. काही हरवलेली, बाकीची वाचून वाचून चिंध्या झालेली. पैसे मी भरले. रक्कम किरकोळ होती, पण नव्या शाळेत आल्यावर पहिली दोन वर्षं कपाटाची किल्ली मी माझ्या पर्समध्ये ठेवली. कबूल करते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, वर्तमानपत्र हवं, मासिकं हवीत, गोष्टीची पुस्तकं हवीत असं लिहिलंय. कुलूप हवं असं मला तरी कुठे सापडलं नाही.

आता भिंतीला सुतळी बांधून चिमट्यांनी पुस्तकं टांगते. मधल्या सुट्टीत खिचडीच्या हातांनी कुणी हात लावायचा नाही, एवढाच नियम, तोही रोज मोडतो. पानभर चित्र आणि खाली दोन ओळी असलेलं पुस्तक आठवडाभर चिमट्यावर परत येतच नाही. वरून खोक्यातून येतात ती मात्र बरीचशी थोरांची चरित्रं, बारीक टायपातली. बालभारती १९७१ पासून 'किशोर' काढते, ते सरांच्या चौथीला पुरतं. माझी पोरं त्यातली चित्रं बघतात. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या पुस्तकांवर वाचनाची पातळी छापलेली असते, तेवढं बघून जरी यादी केली, किंवा निवड आमच्यावर सोडली, तरी पुष्कळ.

खरी अडचण दिवाळीनंतर येते. कोयता बाहेर पडला की लेकरं आईबापामागे ऊसतोडीला जातात. मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृह असतं, पण लेकराकडे बघायला घरी कुणीच नसेल तर तेही जमत नाही. जाताना आम्ही शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं. ग्रंथालयाचं पुस्तक देता येत नाही, कारण ते परत येईल याची हमी कोण देणार? मागच्या साली एका मुलाला मी तीन पुस्तकं दिली. गुढीपाडव्यानंतर तो आला तेव्हा दोन होती. एक कोपीतल्या, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपडीतल्या, चुलीच्या धुराने पिवळं पडलेलं, दुसऱ्याचं कव्हर गायब. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "वरलं गेलं मॅडम, आतलं समदं हाय." तिसरं? ते शेजारच्या कोपीतल्या पोरीने मागून घेतलं होतं, आणि तिची टोळी पुढे कर्नाटकातल्या कारखान्यावर गेली. धाकट्या बहिणीला मात्र तो ते तिसरं पुस्तक पानं उलटल्यासारखे हात करून अख्खं म्हणून दाखवतो.

तर मागणी एवढीच. खडूचा हिशोब कुणी मागत नाही. तो झिजणार हे धरलेलंच असतं. पहिली ते चौथीच्या गोष्टीच्या पुस्तकांना तसंच धरा. वर्षाअखेर शाळा व्यवस्थापन समितीने बघावं, फाटलेली, हरवलेली नोंदवहीतून कमी करावीत, निर्लेखनासाठी वर फाईल नको आणि वसुली नको. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या लेकराबरोबर पुस्तक द्यायला लेखी परवानगी द्या.

यंदा माझ्या वर्गातून सात जण जातील. त्यांच्यासाठी चौदा पुस्तकं मी सुतळीवरून काढून वेगळी ठेवली आहेत. नोंद कुठल्या रकान्यात करू, तेवढं दिवाळीआधी कळवावं.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका,
जिल्हा परिषद शाळा, जि. बीड