एनसीसीचं पहिल्याच वर्षी सांगा की

मा. संपादक,

स.न.वि.वि.

माझं कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत झेरॉक्सचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. आजूबाजूला सगळी कॉलेजं, त्यामुळे पोरं कसले कसले फॉर्म भरतात ते मला त्यांच्या आईबापांच्या आधी कळतं. तर झालं असं की मागच्या जुलैत एक मुलगा आला, उंच, काटक, रोज पहाटे टेकडीवर पळणारा असावा असा, आणि म्हणाला काका आर्मीत ऑफिसर व्हायचंय, एनसीसी, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेना, जॉइन करतोय, कागद काय काय लागतील. मी विचारलं कितवीला आहेस, तर म्हणे टीवाय, म्हणजे तिसरं वर्ष. आता काय सांगणार त्याला? एनसीसीच्या परीक्षा असतात, त्यातल्या सी सर्टिफिकेटपर्यंत जायला तीन वर्षं लागतात, बी दोन वर्षांनी, सी तिसऱ्या, म्हणजे सहसा एफवायलाच, पहिल्या वर्षी, नाव घालावं लागतं. त्याने मार्कशीटच्या प्रती पिशवीत घातल्या आणि एवढंच बोलला, मग हे मला कुणी सांगितलं का नाही?

म्हणून हे पत्र. कारण मलाही हे सगळं कुणी सांगितलेलं नव्हतं, माझी मुलगी यात पडली म्हणून कळलं.

मुळात लोकांच्या डोक्यात फार घोळ आहे. दुकानात येणारे निम्मे पालक ऑफिसर, अग्निवीर आणि पोलीस भरती एकाच दमात बोलतात. काहींना वाटतं एनसीसी केली की लष्करात लागलाच, आणि काहींना वाटतं की एकदा एनसीसीत गेला की लष्कर त्याला सोडणारच नाही. दोन्ही चूक. एनसीसी १९४८ च्या कायद्याने सुरू झाली आणि कॅडेटवर सैन्यात जायचं कसलंही बंधन नाही, उद्या मुलगी म्हणाली मला बँकेत जायचंय तर खुशाल जावं. आमच्या गल्लीतले एक आजोबा आहेत, ते दर वेळी सांगतात आमच्या वेळी कंपल्सरी होती रे, आणि ते खरंच आहे, चीन युद्धानंतर १९६३ ला सक्तीची केली आणि १९६८ ला परत ऐच्छिक झाली. आजोबांच्या मते त्या पाच वर्षांत पुण्यातली पोरं सरळ उभी राहायला शिकली. असो.

पण ज्याला खरंच ऑफिसर व्हायचंय त्याला एनसीसीतून एक सरळ वाट आहे. एनसीसी स्पेशल एंट्री म्हणतात. सी सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड, पदवीला ५० टक्के, वय १९ ते २५, आणि यूपीएससीची लेखी परीक्षा नाही, अर्जातून निवडलं गेलं की थेट एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत. जाहिरात वर्षातून दोनदा निघते. निवड झाली की चेन्नईच्या ओटीएमध्ये, म्हणजे लष्कराच्या ऑफिसर ट्रेनिंग अकॅडमीत, ४९ आठवडे ट्रेनिंग, त्यात महिन्याला ५६,१०० रुपये स्टायपेंड, आणि बाहेर पडताना लेफ्टनंट. शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे दहा वर्षं, पुढे चार वाढवता येतात. मुलींनाही जाता येतं, ओटीएत मुली १९९२ पासून आहेत, पण या एंट्रीत त्यांच्या जागा फार थोड्या, हेही सांगून ठेवतो, उगाच आशेवर बसवण्यात अर्थ नाही. ज्याने एनसीसी घेतली नाही त्याला सीडीएस, म्हणजे यूपीएससीची ऑफिसर भरतीची लेखी परीक्षा, आहेच, ती वर्षातून दोनदा असते आणि शेवटच्या वर्षाला असताना फॉर्म भरता येतो. त्या मुलाला मी तेच सांगितलं. आणि ओटीएसाठी सीडीएसला गणिताचा पेपर नसतो हे ऐकल्यावर त्याचा चेहरा जरा उजळला.

आता आमच्या घरचं. मुलीने एफवायला एनसीसी घेतली ती मैत्रिणीने घेतली म्हणून. मैत्रीण दिवाळीनंतर सोडून गेली, ही राहिली. तेव्हापासून परेडच्या आदल्या रात्री आमच्या घरात दुसरं काही होतच नाही. खाकीला खळ, इस्त्रीची घडी पट्टी लावल्यासारखी, केसांचा अंबाडा जाळीत घट्ट बसतोय का त्याची रंगीत तालीम, आणि मग गॅलरीत बसून ते परेडचे डीएमएस बूट. पॉलिशचा एक हात, कापसाचा बोळा, पाण्याचा एक थेंब, आणि टोकावर बोटाने छोटे छोटे गोल, तासभर, ट्यूबलाइट त्यात दिसेपर्यंत. माझी आई म्हणते एवढी भांडी घासली असतीस तर. पहिल्या दहा दिवसांच्या कॅम्पवरून परत आली ती मनगटापर्यंत काळी, ऑर्डर देऊन देऊन घसा बसलेला, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या विचारते आई दुधीची भाजी आहे का. जन्मात दुधी न खाल्लेली मुलगी. त्या एका भाजीवर माझी बायको एनसीसीच्या बाजूने फिरली, नाहीतर तोपर्यंत तिचं उन्हात काळी होशील हेच चालू होतं.

आणि इथेच माझी तक्रार आहे. कॉलेजचं नाव घेत नाही, मुलगी अजून तिथेच शिकतीये. सेकंड इयरला कॅम्प आणि इंटर्नल परीक्षा एकाच आठवड्यात आल्या. बटालियनचं पत्र होतं, एनसीसीच्या सरांनी स्वतः नेऊन दिलं होतं, ते ऑफिसात टेबलावर पेपरवेटखाली तसंच पडलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. परत आल्यावर त्या विषयात शून्य, आणि अटेंडन्सच्या यादीत दहा दिवस गैरहजर. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, कॅम्पला जायची सक्ती होती का? आता सक्ती नव्हती हो, पण कॅम्प केल्याशिवाय बी सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येत नाही, परेडला ७५ टक्के हजेरी पाहिजे, आणि कॉलेजला पण ७५ टक्के पाहिजे, मग पोरीने नक्की कुठे उभं राहायचं? शेवटी पाच खेपा घातल्यावर फेरपरीक्षा घेतली. मी दुकान बंद ठेवून खेपा घालू शकलो, ज्याचे आईवडील परभणीला आहेत आणि जो इथे कॉट बेसिसवर राहतो त्याने काय करायचं? यूजीसीने २०२१ मध्येच कॉलेजांना कळवलंय की एनसीसी ऐच्छिक विषय म्हणून क्रेडिटला धरता येईल, सहा सेमिस्टर, २४ क्रेडिट. कागदावर विषय आणि प्रत्यक्षात गैरहजर, हे फक्त आपल्याकडेच जमतं.

माझा एक भाचा अमेरिकेत असतो, त्याच्या मुलाने तिकडे कॉलेजमध्ये आरओटीसी, म्हणजे तिकडचं कॉलेजातलं लष्करी प्रशिक्षण, घेतलंय. त्याच्याशी फोनवर बोलल्यावर फरक कळला. त्यांच्याकडे ते १९१६ पासून आहे आणि ते थेट अधिकारी बनवण्यासाठीच आहे, पहिली दोन वर्षं स्कॉलरशिप घेतली नसेल तर बंधन नाही, पुढच्या दोन वर्षांसाठी करार करायचा, डिग्रीबरोबरच सेकंड लेफ्टनंट. आपल्याकडे तसं नाही, एनसीसी वेगळी, निवड वेगळी, ट्रेनिंग डिग्रीनंतर. सी ची परीक्षा फेब्रुवारीच्या आसपास, मग निकाल, मग जाहिरात, मग एसएसबी, मग मेडिकल, मग मेरिट, म्हणजे डिग्री आणि अकॅडमी यात बरेच महिने जातात. तिच्या सिनियर मुलींच्या घरी याच काळात लग्नाचा विषय निघाला, आणि अविवाहित असणं ही तर अट आहे. म्हणून पालकांना हे वेळापत्रक आधीच माहीत पाहिजे, वर्ष वाया चाललंय असं त्यांना वाटता कामा नये.

एसएसबीचं सांगतो, कारण त्याची तयारी सध्या माझ्याच दुकानात चालू आहे. पाच दिवस असतात ते. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग, तिथेच बरेच जण घरी. मग मानसशास्त्राच्या टेस्ट, ग्राउंडवरचे टास्क, इंटरव्ह्यू, शेवटी कॉन्फरन्स. त्यातली एक शब्दांची टेस्ट असते, साठ शब्द, प्रत्येक शब्दाला पंधरा सेकंद, तेवढ्यात शब्द बघून वाक्य लिहायचं. संध्याकाळी गर्दी कमी झाली की मी काउंटरवरून इंग्रजी शब्द वाचतो आणि ही कागदांच्या रिमवर बसून लिहिते. मधेच कोणीतरी येतं, काका आधार कार्ड दोन्ही बाजूंनी, मी मशीन चालू करतो, तो हिरवा दिवा इकडून तिकडे जातो, आणि ती मागून ओरडते बाबा, पुढचा शब्द! एकदा 'फादर' आला, तिने लिहिलं वडील वेळ पाळायला शिकवतात. मी नऊचं दुकान साडेनऊला उघडतो. पण लिहिलंय तर लिहिलंय, मी काही खोडायला सांगितलं नाही.

आणि आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. याच तयारीसाठी एका अकॅडमीने आम्हाला पासष्ट हजार सांगितले, राहणं-खाणं वेगळं. गॅरंटी वगैरे शब्द वापरले. एसएसबीची गॅरंटी कोण देणार? तिथे मोठमोठ्या ऑफिसरांची मुलंसुद्धा परत येतात. मी जवळजवळ पैसे भरणार होतो. आणि त्याच आठवड्यात एक मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला, एका कोर्सच्या अर्जाला लागणाऱ्या परिशिष्टांच्या प्रिंट पाहिजेत म्हणाला. प्रिंट काढता काढता वाचलं. नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, आपल्या राज्य सरकारच्या सैनिक कल्याण विभागाचं. सीडीएसच्या लेखीची तयारी आणि एसएसबीची तयारी, दोन्हीचे कोर्स घेतात, मुलामुलींसाठी, आणि प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट! एसएसबीच्या कोर्ससाठी सीडीएस किंवा एनडीएची (बारावीनंतरच्या लष्करी अकॅडमीची) लेखी पास पाहिजे, किंवा सी सर्टिफिकेट ए किंवा बी ग्रेडमध्ये आणि एनसीसी ग्रुप हेडक्वार्टरची शिफारस. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मुलाखत होते. या विभागाचं मुख्य ऑफिस तर पुण्यातच आहे, आणि एकोणीस वर्षं फॉर्म विकणाऱ्या माणसाला ते माहीत नव्हतं. ती बातमी पेपरात येते, मी मग मागचे अंक चाळून बघितले, आतल्या पानावर, निधन वार्ता आणि हरवले-सापडलेच्या मधे, चार ओळी.

रागावू नका, पण आपल्या पेपरात पण तशीच आली होती.

पुणेकर दर रविवारी सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जाताना खडकवासल्याच्या पाण्यापलीकडे एनडीए दाखवतो, पोरांना सांगतो ती बघ एनडीए. मे २०२५ मध्ये तिथून पहिल्या १७ मुली पास आउट झाल्या तेव्हा आम्ही घरात टाळ्या वाजवल्या. पण बारावीला ती गाडी चुकली म्हणून कॉलेजातल्या मुलीसाठी दार बंद होत नाही, हे ना कॉलेज सांगत ना आपण. जूनमध्ये ॲडमिशनच्या वेळी कॉलेज मुलांच्या हातात जो गठ्ठा देतं, हॉस्टेलचे नियम, मोबाईलचे नियम, रॅगिंगचं हमीपत्र, त्यात हे एक पान घालायला काय जातं? एनसीसी कधी घ्यायची, त्यातून पुढे काय, आणि कॅम्पची हजेरी धरली जाईल की नाही ते स्पष्ट लिहून. परिसरातल्या कॉलेजांनी मजकूर दिला तर पहिल्या हजार कॉप्या मी माझ्या खर्चाने काढून देतो, कागद त्यांचा.

मुलगी आत्ता टीवायला आहे, सी ची परीक्षा व्हायचीये, म्हणजे हे सगळं यशस्वी होऊन लिहिलेलं पत्र नाही. स्क्रीन आउट होऊन पहिल्याच दिवशी परत येईल, काय सांगावं. आली तर दुसऱ्यांदा जाईल म्हणते.

पत्र मोठं झालंय, जागेप्रमाणे कापा, आजोबांचं कापलंत तरी चालेल. फक्त नाशिकचा परिच्छेद तेवढा कापू नका, आणि जमलं तर पहिल्या पानावर घ्या.

आपला,
एक झेरॉक्सवाला वाचक,
कर्वे रोड, पुणे ४