‘चश्मे बद्दूर’विषयी मित्रास पत्र

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. ‘चश्मे बद्दूर’ या हिंदी चित्रपटात सिद्धार्थ, ओमी आणि जोमो हे दिल्लीत एकत्र राहणारे तीन अविवाहित मुलगे नेहा या एकाच मुलीच्या मागे लागतात, तेव्हा त्यात प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने, म्हणजे कोणती माणसे पडद्यावर कशी दाखवली जातात याविषयी, बोलण्यासारखे काय आहे, असे तू विचारले आहेस. मला त्यात पुष्कळ दिसते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

१९८१ सालच्या या चित्रपटाचे लेखन आणि दिग्दर्शन सई परांजपे यांचे आहे, आणि हसू कोणावर येते हे पाहिले की त्याचे महत्त्व लक्षात येते. ओमी आणि जोमो यांच्या खोलीच्या भिंती बायकांच्या चित्रांनी भरलेल्या आहेत, पण एखाद्या मुलीशी सरळपणे दोन वाक्ये बोलण्याची त्यांची तयारी नाही. नेहाकडून फजिती होऊन परत आल्यावर ते मित्रांपुढे विजयाच्या कहाण्या रचतात, आणि त्या कहाण्या आपल्याला हिंदी चित्रपटांतील प्रेमगीतांच्या थाटात दाखवल्या जातात. पडद्यावरच्या नायकाशी स्वतःला ताडून पाहणाऱ्या एकाकी मुलांची ही थट्टा आहे. नेहाच्या वाट्याला ती कोठेही येत नाही. पुढे याच थापांमुळे सिद्धार्थ आणि नेहा यांची ताटातूट होते, म्हणजे मुलीविषयी केलेल्या बढाईची किंमत कोणाला मोजावी लागते, हेही चित्रपट विसरत नाही.

नेहा तर मला फारच आवडते. ती ‘चमको’ साबणाची भुकटी विकत दारोदार फिरते, संगीत शिकते, आणि सिद्धार्थशी तिची ओळख होते ती तिच्या कामाच्या निमित्ताने. दीप्ती नवल यांनी तिला नोकरी करणाऱ्या मुलीचा मोकळेपणा दिला आहे. पानवाले लल्लन मियाँही असेच. सईद जाफरी यांनी रंगवलेला हा माणूस मुसलमान आहे, परंतु कथेत त्याचे स्थान उधारी थकलेल्या दुकानदाराचे आणि वडीलधाऱ्या स्नेह्याचे आहे. त्याच्या धर्माचा ना विनोद होतो, ना त्यावर उपदेश.

२०१३ साली डेव्हिड धवन यांनी हीच कथा गोव्यात नेली आणि तेथे मियाँच्या जागी कॅफेचालक जोसेफ आला. गोव्याचा ख्रिश्चन म्हणजे दारू आणि मौज, हा हिंदी सिनेमाचा जुना साचा आहे, आणि मूळ चित्रपटातील पानवाल्याला मिळालेले माणूसपण मला त्या जोसेफमध्ये सापडले नाही.

मूळ चित्रपटही निर्दोष नाही, हे मान्य. शेवटी लुटुपुटीचे म्हणून ठरलेले अपहरण खरेच घडते, आणि एवढा वेळ स्वतःच्या पायांवर उभी असलेली नेहा सुटकेची वाट पाहत बसते. हिंदी चित्रपटांचे विडंबन म्हणून तो प्रसंग मला समजतो, पण तेथे नेहावर अन्यायच झाला असे मी म्हणेन. शिवाय तिघेही शिकलेले, उत्तर भारतीय मध्यमवर्गीय मुलगे. दिल्लीत तसेच एकटे राहणारे कामगार या विनोदात कोठेच नाहीत.

सईताईंचा ‘स्पर्श’ तू पाहिला नसशील तर अवश्य पाहा. नसीरुद्दीन शाह यांच्या अंध मुख्याध्यापकाभोवती अंधशाळेतील खरीखुरी मुले आहेत. त्या मुलांविषयी तुझे काय मत होते, ते मला सविस्तर कळव.

तुझा,
माधव