उत्तर देण्यालाही मुदत हवी : सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मी बांधकामाचा कंत्राटदार आहे. थकलेली बिलं द्या, अशी निवेदनं आपल्याकडे रोज येत असतील. बिल नेमकं कुठे थकतं, आणि ते तिथे थकू नये म्हणून कायद्यात कोणती एक गोष्ट हवी, एवढंच मला आपल्यापुढे मांडायचं आहे.

पैसे उशिरा मिळतात, असं सगळे म्हणतात. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा उशीर मोजायला सुरुवातच होत नाही. करारात 'बिल मंजूर झाल्यापासून इतक्या दिवसांत' असं लिहिलेलं असतं, पण मंजुरी किती दिवसांत द्यायची याचा उल्लेख नसतो. आधी मोजमाप, मग त्याची तपासणी, मग लेखा विभाग, मग निधी. कागद प्रत्येक टेबलावर थांबतो आणि 'नाही' असं कुणीच म्हणत नाही. 'नाही' म्हटलं असतं तर दाद तरी मागता आली असती. गप्प राहणाऱ्याविरुद्ध कुठे जायचं?

एका कामात पायाच्या खोदाईत आराखड्यात धरलेल्या खोलीवर पक्का थर लागलाच नाही. साइटवर आलेले अधिकारी म्हणाले, "पुढे जा, जादा कामाचं नंतर बघू." मी पुढे गेलो. पाया भरून झाला, त्यावर मातीचा भरावही पडला. बिलाच्या वेळेपर्यंत त्या अधिकाऱ्यांची बदली झाली होती. नवे अधिकारी म्हणाले, जादा खोदाई दाखवा. भरावाखाली गेलेली खोदाई मी काय दाखवणार? त्या एका आयटेमचा वाद मिटत नाही म्हणून ज्या कामावर कुणाचाही आक्षेप नव्हता त्याचंही बिल अडकून पडलं. मजुरांचा पगार मी कर्ज काढून दिला. सळईवाल्याचा फोन उचलायची हिंमत होत नव्हती.

लेखी आदेश न घेता पुढे जाणं ही माझी चूक होती, आणि ती मी पुन्हा केलेली नाही. आता झाकलं जाणारं प्रत्येक काम झाकण्याआधी दोन्ही बाजू मिळून मोजतो, सह्या घेतो, तारखेसह फोटो ठेवतो. तोंडी सूचना आली की त्याच दिवशी 'आपण आज सांगितल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून पत्र पाठवतो. रनिंग बिलाला, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने द्यायच्या बिलाला, मोजमापाचा तक्ता आणि चाचणी अहवाल जोडतो, आणि आवक क्रमांक घातलेली पोच हातात पडल्याशिवाय कार्यालयातून निघत नाही. माझ्या व्यवसायबंधूंनाही माझं हेच सांगणं असतं, कारण कागद कच्चा असेल तर चांगला कायदाही वाचवत नाही. पण महोदय, कागद पक्का असूनही समोरच्यावर उत्तर देण्याचं बंधन नसेल, तर तो फक्त नीट लावलेल्या फाइलीत पडून राहतो.

हा प्रश्न इतर देशांनाही पडला होता. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने १९९९ मध्ये बांधकामाच्या देयकांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यातली एक तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते. बिल मिळाल्यावर १० कामकाजाच्या दिवसांत समोरच्याने लेखी सांगायचं, की किती रक्कम देणार आणि उरलेली का देणार नाही. तसं सांगितलं नाही, तर मागितलेली पूर्ण रक्कम देणं लागतं. ब्रिटनच्या १९९६ च्या कायद्याने वादासाठी निवाडाकार नेमण्याची सोय केली. त्याने साधारणपणे २८ दिवसांत निर्णय द्यायचा आणि तो लगेच पाळायचा. कुणाला पुढे न्यायालयात किंवा लवादात जायचं असेल तर खुशाल जावं, पण तोवर पैसे अडत नाहीत. देय रक्कम मिळाली नाही तर सात दिवसांची नोटीस देऊन काम थांबवण्याचा हक्कही त्या कायद्यात आहे. आपल्याकडे आज आम्ही काम थांबवलं, तर उलट आमच्यावरच दंड लागतो.

आणि आपल्याला फार दूर जायचीही गरज नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात हेच तत्त्व आधीपासून आहे. पुरवठा झाल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारला असं धरलं जातं, पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण अनेक निकालांत न्यायालयांनी म्हटलं आहे की साहित्य आणि मजुरी एकत्र असलेलं बांधकामाचं कंत्राट या कायद्यात बसत नाही. म्हणजे साइटवर सिमेंट पोचवणाऱ्या छोट्या पुरवठादाराला जे संरक्षण आहे, ते त्याच सिमेंटची भिंत उभी करणाऱ्याला मिळेलच असं नाही. हा भेद कुणी ठरवून केला असेल असं मला वाटत नाही, पण त्याची झळ आम्ही सोसतो आहोत.

म्हणून माझी मागणी मुख्यतः एकच आहे. बिल आवक झाल्याच्या तारखेपासून मुदत सुरू व्हावी, त्या मुदतीत रकमेसह आणि कारणांसह लेखी उत्तर द्यावं लागावं, आणि उत्तर आलं नाही तर बिल मान्य झालं असं कायद्याने धरलं जावं. एखाद्या आयटेमवर वाद असेल तर तेवढीच रक्कम थांबावी.

मुदत लावली की अधिकारी घाईत चुकीचं बिल मंजूर करतील, सरकारी पैसा वाया जाईल, ही भीती मला समजते. पण रनिंग बिल शेवटचं नसतं. त्यातली चूक पुढच्या बिलात दुरुस्त होते, आणि बिलांतून कापून ठेवलेली सुरक्षा अनामत तर सरकारच्या हातातच असते.

या अनामतीबद्दलही थोडं. न्यूझीलंडमध्ये २०१३ साली मेनझील ही मोठी बांधकाम कंपनी बुडाली, आणि तिने कापून ठेवलेली उपकंत्राटदारांची रक्कमही तिच्याबरोबर गेली. त्यानंतर अशी रक्कम विश्वस्त म्हणून राखून ठेवण्याचं बंधन तिथल्या कायद्यात आलं. कापलेली अनामत ही आमची कमाई आहे. ती दुसऱ्याच्या खेळत्या भांडवलात मिसळू नये.

मुदतीत पैसे देण्याचं बंधन आमच्यावरही घाला. 'मला वरून मिळाले की देतो' असं उपकंत्राटदाराला सांगण्याची सवय आम्हा कंत्राटदारांनाही आहे. ब्रिटनमध्ये करारातलं असं कलम, वरचा पैसे देणारा दिवाळखोर झाल्याचा अपवाद सोडला, तर चालत नाही. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात मालकाने योग्य बिल मिळाल्यापासून २८ दिवसांत पैसे द्यायचे आणि कंत्राटदाराने ते हाती आल्यावर सात दिवसांत खाली पोचवायचे, असा नियम आहे. आमच्यासाठी मुदत मागताना सेंट्रिंगवाल्याला आणि प्लास्टरवाल्याला ती नाकारण्याचा अधिकार मला नाही.

माझ्या चालू कामाचं तिसरं रनिंग बिल मी संयुक्त मोजमापाच्या तक्त्यांसह दाखल केलं आहे. पोच माझ्याकडे आहे, उत्तर अजून आलेलं नाही. आपण अशा कायद्याचा मसुदा करायला बसाल त्या दिवशी ही फाइल घेऊन यायला मी तयार आहे. प्रत्येक कागद कुठल्या टेबलावर किती दिवस थांबला, ते मी तारखांसह दाखवीन.

आपला विश्वासू,
एक बांधकाम कंत्राटदार